शेजारी कोण बसणार?

(मिशनच्या शीळफाटा येथील मित्रमेळाव्यात केलेले भाषण)





मला आज आपल्या शनिवारच्या संगणकवर्गाचा अहवाल द्यायला सांगितले आहे. अहवाल म्हटला की किती यंत्रे, किती मुले, किती प्रमाणपत्रे असे आकडे सांगायचे असतात. ते आकडे कार्यालयाने छापलेल्या पत्रकात आहेत, ते आपण घरी जाऊन वाचावेत. मी आधी एक कबुली देणार आहे. मग आम्ही काय शिकलो ते सांगेन, आणि शेवटी आपल्याकडे काही मागेन. मेळाव्यात मागणे आपल्याला नवे नाही. पण या वेळी काय नको, तेही मी सांगणार आहे.

आपण आज इथे येताना फाट्यावरच्या गाड्यांच्या रांगेत अडकला असालच. एका बाजूला मुंब्रा, दुसऱ्या बाजूला पनवेल, इकडे कल्याण-डोंबिवली, आणि डोंगर ओलांडला की महापे. महाप्याच्या काचेच्या इमारतींत संगणकावर काम करणारी आपल्याच मंडळीतली कितीतरी मुले-मुली रोज या रस्त्याने जातात. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा इथेच शीळफाट्याला संपणार आहे. आणि याच रस्त्याने, दिवाळी उलटली की, टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरे बसवून कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाच्या तोंडावर ती पाड्यावर परततात. मधल्या महिन्यांत मुलांची शाळा तुटते.

सरकारने आदिम जमाती म्हणून वेगळी नोंद केलेल्या तीन जमाती महाराष्ट्रात आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतली कातकरी जमात आपल्या दाराशी आहे. भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने भट्टीवरच भोंगाशाळा सुरू केल्या, ते काम ठाणे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. आपला वर्ग म्हणजे त्याच वाटेवरचे एक लहान पाऊल.

आता कबुली.

2018 साली आपल्याला एका कंपनीकडून 8 जुने संगणक मिळाले. आपण इथे प्रार्थना करून, फीत कापून ते वापरात आणले. मी निवृत्त शिक्षिका. संगणक मला जेमतेम येत होता, तरी वर्गाची जबाबदारी मी घेतली. यंत्रे खराब होतील या भीतीने मी त्यांना प्लास्टिकची आवरणे शिवून घेतली. खोलीला कुलूप लावले. शनिवारी मुले यायची, तेव्हा एका यंत्रासमोर चार-चार जण बसायची. त्यातला जो धीट तो माऊस धरायचा, बाकीचे बघायचे. मुली बहुतेक वेळा बघणाऱ्यांत असायच्या. आम्ही काय शिकवले? चालू कसे करायचे, बंद कसे करायचे, पेंटमध्ये झोपडी आणि सूर्य कसा काढायचा, आणि इंग्रजीत स्वतःचे नाव कसे टाइप करायचे. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्रे दिली. त्याचे फोटो याच पत्रिकेत छापून आले आणि आपण सर्वांनी कौतुकही केले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. खोली बंद झाली. पुन्हा उघडली ती 2022 मध्ये. मुलांना माऊस शिकवायचा होता, पण उंदरांनीच वायरी खाल्ल्या होत्या. 8 पैकी 3 संगणक सुरू झाले. मला वाईट वाटले, पण खरा धक्का त्यानंतर बसला.

आपल्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी त्याच वर्षी दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या घरातले दहावीपर्यंत पोहोचलेले ते पहिले माणूस. तिने अकरावीत प्रवेश घेतला. आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्ज ‘महाडीबीटी’वर ऑनलाइन भरायचा असतो. तिच्या वडिलांनी तो एका दुकानात भरून घेतला. दुकानदाराने घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकला. पासवर्डही त्यानेच ठरवला आणि तो त्याच्याच वहीत राहिला. पुढे उत्पन्नाच्या दाखल्यात त्रुटी निघाली, अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. तसा निरोप गेला, पण दुकानदाराच्या फोनवर. तो दिवसाला कितीतरी अर्ज भरणारा माणूस. त्याच्या लक्षात आले नाही. मुलीचे आईवडील भट्टीवर होते. ती जानेवारीत चौकशीला गेली तेव्हा मुदत संपली होती. त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली.

ती रडत माझ्याकडे आली. मी तिला सहज म्हटले, “अगं, तू स्वतः लॉगिन करून बघितलं नाहीस का?” ती म्हणाली, “बाई, लॉगिन म्हणजे काय?”

बंधूभगिनींनो, या मुलीला मी दोन वर्षे संगणक शिकवला होता. तिच्याकडे माझ्या सहीचे प्रमाणपत्र आहे. तिला झोपडी आणि सूर्य काढता येत होता. पण आपली माहिती कुठे साठते, तिची किल्ली कोणाकडे असते, ती किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली तर काय होते, हे मी तिला एका शब्दाने सांगितले नव्हते. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. दोष माझ्या वर्गाचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मी इतरांनी हे काम कसे केले ते शोधू लागले. वाचताना कळले की आपली चूक जगात पहिली नव्हती.

आपल्या शेजारीच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, खैराट धनगरवाडा नावाची वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत 2007 साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो छोटा लॅपटॉप मुद्दाम खेड्यातल्या मुलांसाठी बनवलेला. भर उन्हातही त्याचा पडदा वाचता येत असे. प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप, आणि तो घरी न्यायची मुभा. मुलांच्या मागून घरातली मोठी माणसेही त्यात डोकावू लागली. यातली एक गोष्ट मला टोचली. तिथे पहिल्या दिवसापासून यंत्र मुलाचे होते. माझ्याकडे ते कुलपाचे होते.

पण नुसते यंत्र मुलाच्या हाती देऊनही भागत नाही. भारतात ती योजना फारशी पसरली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मात्र असे 8 लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. 2012 साली आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास मांडला. मुलांच्या विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, पण भाषा आणि गणित यांच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्रे पोहोचली होती. त्यांचे शिकण्यात काय करायचे हे सांगणारा माणूस सगळीकडे पोहोचला नव्हता.

उलट बाजूची दोन उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. पहिले आपल्या ठाणे जिल्ह्यातले. शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन, लोकवर्गणी गोळा करून, विजेचा भरवसा नाही म्हणून सौरऊर्जेची सोय करून वर्ग डिजिटल केला. महाराष्ट्रातली पहिली डिजिटल शाळा म्हणून तिचे नाव झाले. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हा लोकवर्गणीतून डिजिटल शाळा करण्याची लाटच राज्यात उठली आणि पष्टेपाड्याचे उदाहरण अनेक शिक्षकांसमोर होते. ज्या पाड्यावरच्या लोकांना आपण ‘घेणारे’ समजतो, तिथे लोकांनी आधी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. त्यामुळे ती शाळा त्यांची झाली.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे. रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 साली तिथल्या शाळेत गेले. 2020 साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि त्या 10 लाख डॉलरमधला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. पाठ्यपुस्तकांवर दिसणारे क्यूआर कोडचे चौकोन हेही त्यांच्या कामाशी जोडलेले आहेत. पण मला महत्त्वाची वाटली ती त्याआधीची पायरी. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. गुरुजी आधी कन्नड शिकले, मग पहिली ते चौथीची पुस्तके मुलांना समजतील अशी पुन्हा तयार केली, आणि त्यात कोड घातले. भाषा आधी, कोड नंतर.

आम्ही मात्र उलटे केले होते. कातकरी बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळेतून उचलून इंग्रजी पडद्यासमोर बसवले होते.

मग आम्ही वर्ग नव्याने मांडला. यंत्रे तीनच, मुले बावीस. पहिला महिनाभर यंत्रे सुरूच केली नाहीत. आयआयटी मुंबईचे प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ नावाची पुस्तके तयार केली आहेत. त्यांत बटणांच्या ओळखीपेक्षा पायरीपायरीने विचार करण्यावर भर आहे. त्यावरून मी मुलांना म्हटले, “मी यंत्र. मला चहा करायला सांगा. तुम्ही सांगाल तेवढंच मी करणार.” एक जण म्हणाला, “पातेलं चुलीवर ठेवा.” मी ठेवले. “पावडर टाका.” मी टाकली. “उकळवा.” मी म्हटले, “करपलं! पाणी घालायला कोणी सांगितलं?” वर्ग हसून लोटपोट झाला. पण त्या दिवशी त्यांना कळले की यंत्राला अक्कल नसते, सांगणाऱ्याला असावी लागते. त्यानंतर यंत्राची भीती गेली. माझीसुद्धा.

दुसऱ्या महिन्यात यंत्रे सुरू केली, तीही मराठीतून. इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक संगणकात आधीपासूनच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’, ‘ई’च्या कळीवर काना, ‘एल’वर ‘त’, ‘जे’वर ‘र’, ‘आर’वर दीर्घ वेलांटी. ‘कातकरी’ हा शब्द सहा वेळा कळ दाबली की पडद्यावर येतो. तो आला तेव्हा एक मुलगा बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, आमचं नाव याच्यात आधीपासून होतं?” मी म्हटले, होते, फक्त आपण दाबले नव्हते.

तक्ता शिकवायचा होता तेव्हा आम्ही रानभाज्यांचा तक्ता केला. शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी. कोणत्या महिन्यात उगवते, कुठे मिळते, खाज जाण्यासाठी काय घालतात, कोणती भाजी कोणाला चालत नाही. हे मला काहीच माहीत नव्हते. मुले आज्यांना विचारून यायची आणि रकाने भरायची. एके शनिवारी एक आजी स्वतःच आली. नात तिच्या भाज्या पडद्यावर वाचून दाखवत होती. आजीने दोन चुका दुरुस्त केल्या. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली ती बाई त्या दिवशी आमच्या वर्गाची शिक्षिका होती.

आणि मग विटांचा हिशेब आला. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते. हंगाम सुरू होण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. दर आठवड्याला बाजारासाठी खावटी मिळते. हंगाम संपताना मालक वही काढतो. पाडलेल्या विटांच्या मजुरीतून उचल आणि खावटी वजा करतो, आणि जे उरेल ते देतो. बहुतेक वेळा काही उरत नाही, उलट पुढच्या वर्षासाठी अंगावर बाकी राहते. हिशेब मालकाच्या वहीत असतो. मजुराच्या फक्त लक्षात असतो.

सातवीतला एक मुलगा भट्टीवर जाताना वही घेऊन गेला. दर आठवड्याला आईबापाने किती विटा पाडल्या आणि किती खावटी घेतली ते त्याने लिहून ठेवले. भट्टी फाट्यापासून फार लांब नव्हती, म्हणून महिन्यातून एखाद्या शनिवारी तो वर्गात येई आणि आकडे तक्त्यात भरी. गुणाकार, वजाबाकी आणि बेरीज यंत्राला करायला लावी. एप्रिलअखेर आम्ही तो एक कागद छापून दिला. वडील तो घेऊन मालकाकडे गेले. भांडायला नाही, नुसता पुढे ठेवला. मालकाने आपली वही पुन्हा पाहिली. दोन आठवड्यांच्या विटा लिहायच्या राहून गेल्या होत्या. त्याने त्या धरल्या. फार मोठी रक्कम नव्हती. पण त्या वर्षी त्या घराच्या अंगावर बाकी राहिली नाही.

शाळेतल्या मुलांना संगणक कशासाठी शिकवायचा, असे मला कोणी विचारले तर मी हा एक कागद दाखवते. त्यात नोकरीचे आश्वासन नाही. मोठे शब्द नाहीत. एका मुलाने आपल्या आईबापाचे श्रम मोजले आणि लिहून ठेवले, एवढेच.

किल्लीचा धडा आता आम्ही सर्वांत आधी शिकवतो. पासवर्ड म्हणजे पेटीची किल्ली. ती दुकानदाराला नाही, बाईंनाही नाही. ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, समोरचा बँकेचा साहेब असल्याचे सांगत असला तरी. अर्ज दुकानात भरला तर शेजारी उभे राहून नंबर आपलाच टाकायला लावायचा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठायचे नाही. दहावीच्या मुलांची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवायला शिकवतो. भट्टीवर झोपडी गळते, कागद भिजतात, पण तिथले भिजत नाहीत.

ही नवीच काहीतरी सेवा आहे आणि सुवार्तेच्या कामाशी तिचा संबंध नाही, असे आपल्यातल्या काहींना वाटते. त्यांना मी आपल्याच इतिहासाची आठवण करून देईन. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी 1813 साली मुंबईत आले. काही वर्षांत त्यांनी छापखाना घातला. 1842 साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पण नुसती पुस्तके छापून ते थांबले नाहीत; ती वाचता यावीत म्हणून शाळा काढल्या, त्यात मुलींच्याही काढल्या. त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा टाइप घासायच्या कामाला होता. पुढे 1869 साली त्याच जावजींनी निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि त्याच्या सुबक देवनागरी टाइपांचे नाव देशभर झाले. छापखान्यातले कौशल्य त्या मुलाच्या हाती लागले, म्हणून हे घडले. खोलीला कुलूप असते तर घडले नसते.

आणि हे काम मुलींपर्यंत पोहोचवायचे असेल तर अधिक जपून करावे लागेल. 2023 च्या ‘असर’ पाहणीत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींना मोबाइलबद्दल विचारले होते. जवळजवळ 90 टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येत होता त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के, तर मुली 19.8 टक्के. त्याच पाहणीत या वयाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सफाईने वाचता आला नाही. म्हणून आमच्या वर्गात अर्धा तास वाचन सक्तीचे आहे, आणि माऊस पहिल्यांदा मुलीच्या हातात जातो. मुलगे कुरकुर करतात. करू देत.

आता मागणे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातली फिलिप्पाची गोष्ट आपण जाणता. कूश देशाचा तो मोठा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत चालला होता. रथ होता, ग्रंथ होता, वाचताही येत होते. उणीव एकच होती : अर्थ उलगडून सांगणारा कोणी नव्हता. फिलिप्पाने त्याला दुसरा ग्रंथ नेऊन दिला नाही. तो धावत गेला, रथात चढला आणि त्याच्या शेजारी बसला.

म्हणून माझी पहिली विनंती : कृपा करून जुने संगणक पाठवू नका. आपल्या घरातली अडगळ कमी होते, आमची वाढते. आम्हाला चार चांगली, दुरुस्त होतील अशी यंत्रे पुरेशी आहेत आणि त्यांची सोय झाली आहे.

दुसरी विनंती : एका शिक्षकाच्या मानधनाचा भार उचला. यंत्रावर आपले नाव लिहिता येते, शिक्षकाच्या मानधनावर लिहिता येत नाही. म्हणून यंत्राला देणगी लवकर मिळते आणि मानधनाला मिळत नाही. पण मी आता थकले आहे. हा वर्ग माझ्या गुडघ्यांवर अवलंबून राहू नये. आपल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून वर्षभराचा शब्द दिला तर भट्टीच्या हंगामात शिक्षक आठवड्यातून दोनदा भट्टीवरच जाऊ शकेल. हंगामात मूल आपल्याकडे येऊ शकत नाही. आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे.

तिसरी विनंती तरुणांना. महाप्याला जाणाऱ्या माझ्या मुलांनो, महिन्यातला एक शनिवार द्या. तुम्हाला भाषण करायचे नाही. जून-जुलैत अर्जांचे दिवस येतात तेव्हा दहावी-बारावीच्या एकेका मुलाच्या शेजारी बसायचे. कळफलकाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहे. मूल चुकेल, पुन्हा करेल. तुम्ही दोन मिनिटांत भराल तो अर्ज त्याला तासभर लागेल. तो तास द्या.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटत असेल. त्या वर्षीची फी आपल्या मंडळीतल्या काही भगिनींनी गुपचूप भरली. पुढच्या वर्षीचा अर्ज तिने स्वतः भरला, माझ्यासमोर, स्वतःच्या नंबरावर. पासवर्ड टाकताना तिने मला तोंड फिरवायला सांगितले. मी आनंदाने फिरवले. आता ती शनिवारी लहान मुलांच्या शेजारी बसते.

आपण परमेश्वराचे उपकार मानूया, आणि पुढील विषयांसाठी प्रार्थना करूया : दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या संरक्षणासाठी, वर्गाला विश्वासू शिक्षक मिळावा यासाठी, या वर्षी दहावीला बसणाऱ्या आपल्या मुलांसाठी, आणि आपण दिलेले कुलपात न राहता हातात जावे यासाठी.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.